‘सर, थांबा’ : मिशिगनच्या अतिदक्षता विभागांचं प्रकरण

अतिदक्षता विभागातल्या गंभीर रुग्णाच्या मानेतून, गळपट्टीच्या हाडाखालून किंवा जांघेतून मोठ्या शिरेत एक नळी सरकवतात. तिला सेंट्रल लाइन म्हणतात. रक्तदाब टिकवणारी औषधं, तीव्र प्रतिजैविकं, शिरेतून द्यायचं पोषण हे सगळं तिच्यातून जातं. नळी थेट रक्तप्रवाहात उघडते, म्हणून तिच्यावाटे जंतू शिरले की संसर्ग सरळ रक्तात होतो. आधीच तोळामासा झालेल्या रुग्णाला तो अनेकदा पेलवत नाही. 2000 च्या आगेमागे अमेरिकेतली बहुतेक रुग्णालयं असे थोडेफार संसर्ग होणारच, असं गृहीत धरून चालत होती.

ऑक्टोबर 2003 ते सप्टेंबर 2005 या काळात मुख्यतः मिशिगन राज्यातल्या 103 अतिदक्षता विभागांनी हे गृहीतक खोटं ठरवलं. राज्यातल्या अतिदक्षता खाटांपैकी सुमारे 85 टक्के खाटा या विभागांत होत्या. राज्याच्या रुग्णालय संघटनेचं कीस्टोन सेंटर आणि बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधले डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांचा गट यांनी हा उपक्रम चालवला. सुरुवातीला दर 1,000 कॅथेटर-दिवसांमागे (एका रुग्णाला एक दिवस नळी असली की एक कॅथेटर-दिवस) संसर्गाचं मध्यक 2.7 होतं. तीन महिन्यांत ते 0 झालं, म्हणजे निदान निम्म्या विभागांत त्या काळात एकही संसर्ग झाला नाही. सरासरी 7.7 होती, ती 16 ते 18 महिन्यांनी 1.4 वर आली. पुढे 36 महिन्यांपर्यंत बहुतेक विभागांची आकडेवारी पाहिली गेली, तेव्हा ती आणखी थोडी खाली, 1.1 च्या आसपास होती. यात नवं औषध नव्हतं, नवं यंत्रही नव्हतं.

व्यवस्थापनाच्या व्याख्यानांतून हे प्रकरण ‘पाच ओळींच्या चेकलिस्टची करामत’ म्हणून सांगितलं जातं. ते ऐकून कुणी पाच ओळी छापून भिंतीवर चिकटवतं आणि सहा महिन्यांनी म्हणतं, आमच्याकडे काही फरक पडला नाही. पडणारही नाही. मिशिगनमध्ये यादी हा कामाचा सगळ्यात लहान भाग होता. उरलेला भाग कुठे होता ते पाहायला आधी हॉपकिन्सकडे जावं लागतं.

पाचच का?

सेंट्रल लाइनच्या संसर्गाबद्दल अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राची जाडजूड मार्गदर्शक पुस्तिका होती. तिच्यात शिफारशींची रास होती आणि जवळपास सगळ्याच बरोबर होत्या. अडचण नेमकी तिथेच होती, कारण सगळंच महत्त्वाचं ठरलं की रात्री अडीच वाजता, रक्तदाब कोसळत असताना, रेसिडेंट डॉक्टरच्या लक्षात काय राहणार? प्रोनोव्होस्ट यांच्या गटाने दोन निकष लावले. पुरावा सगळ्यात भक्कम कशाला आहे, आणि करायला सगळ्यात कमी अडथळा कशात आहे? या चाळणीतून पाच गोष्टी उरल्या.

नळी घालण्याआधी हात धुणं. पूर्ण अडसर वापरणं, म्हणजे घालणाऱ्याला टोपी, मास्क, निर्जंतुक गाऊन व हातमोजे, आणि रुग्णावर डोक्यापासून पायापर्यंत निर्जंतुक चादर (ड्रेप). त्वचा क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने स्वच्छ करणं. शक्य तिथे जांघेतली शीर टाळणं. आणि गरज संपली की नळी काढणं.

प्रतिजैविकांचं अस्तर दिलेल्या महागड्या नळ्या या यादीत नव्हत्या, आणि हे वगळणं मुद्दाम होतं. एखाद्या टीमकडे लक्ष देण्याची ताकद मोजकीच असते. सहावी, सातवी ओळ फुकट येत नाही, ती पहिल्या पाचांतून काहीतरी खाऊन बसते. शेवटची ओळ या यादीतली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. नळी असली की सोय असते, रक्त काढायला पुन्हा टोचावं लागत नाही, म्हणून ती राहून जाते. जी नळी शरीरात नाही तिच्यातून संसर्ग होत नाही, एवढं साधं गणित रोजच्या राउंडमध्ये कुणीतरी मोठ्याने विचारल्याशिवाय अंमलात येत नाही.

दोष आळसाचा नव्हता

हॉपकिन्सच्या शस्त्रक्रियेनंतरच्या अतिदक्षता विभागात आधी नुसतं पाहिलं गेलं. नळी घालताना या पायऱ्या किती वेळा पूर्ण होतात, याची नोंद परिचारिकांनी केली. एक तृतीयांशाहून अधिक वेळा एखादी तरी पायरी सुटत होती. डॉक्टरांना पायऱ्या ठाऊक नव्हत्या असं मुळीच नाही. विचारलं असतं तर प्रत्येकाने पाचही सांगितल्या असत्या.

मग शोध घेतल्यावर दिसलं की लागणारं सामान आठेक वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेलं असायचं. गाऊन एका कपाटात, मोठा ड्रेप दुसऱ्या खोलीत, टोप्या तिसरीकडे. रुग्ण घाईत, डॉक्टर एकटा; मग जे हाताशी नाही ते वगळलं जायचं. उपाय म्हणून एक ट्रॉली आणली आणि नळी घालायला लागणारं सगळं तिच्यावर ठेवलं. ती भरून ठेवणं एका नेमक्या माणसाचं काम केलं. या एका बदलाने वगळणं बरंच कमी झालं, आणि त्यासाठी कुणाला एक शब्दही बोलावा लागला नाही.

शिस्तीच्या नावाने जे बोललं जातं त्यातलं निम्मं काम अशी ट्रॉली करते. आपल्याकडे टीमची संस्कृती म्हटलं की पहिली आठवण प्रेरणादायी शिबिराची होते; इथे पहिली हालचाल कपाटं रिकामी करण्याची होती.

अधिकार, तोही नेमका

ट्रॉलीनंतरही काही वेळा पायऱ्या सुटतच होत्या. मग दोन गोष्टी एकत्र केल्या. नळी घालताना परिचारिकेने यादी हातात धरून उभं राहायचं आणि एक-एक पायरी टिपायची. एखादी सुटली तर तिने प्रोसिजर थांबवायची. फक्त खरी आणीबाणी त्याला अपवाद.

दोन्ही बाजूंनी कुरकुर झाली. परिचारिकांचं म्हणणं असं की डॉक्टरांवर पहारा ठेवणं हे आमचं काम नाही, आणि थांबवलं तर शिव्या आम्हीच खायच्या. डॉक्टरांचं म्हणणं असं की रुग्णासमोर, ज्युनिअरांसमोर कुणी टोकलं तर आमची पत जाते. प्रोनोव्होस्ट यांनी वाद पत-प्रतिष्ठेवरून काढून रुग्णावर आणला. पायरी सुटलेली डोळ्यांसमोर दिसते आहे, तरी गप्प राहून रुग्णाला इजा होऊ द्यायची का? याला ‘हो’ म्हणणारं कुणी नव्हतं. मग नियम झाला. कुणी डॉक्टर ऐकत नसेल तर परिचारिकेने दिवसा-रात्री कधीही प्रोनोव्होस्ट यांना कळवायचं. तिच्या पाठीशी उभं राहण्याची हमी त्यांनी स्वतः दिली.

सगळं प्रकरण या हमीवर उभं आहे. ‘आमच्याकडे कुणीही बोलू शकतं’ असं प्रत्येक संस्था म्हणते. इथे कोण बोलणार, कशावर बोलणार, कोणत्या क्षणी बोलणार आणि ऐकलं नाही तर फोन कुणाला लावणार, हे चारही ठरलेलं होतं. अधिकार मोघम असला की तो धीट माणसापुरता उरतो. नेमका असला की नवी, बुजरी परिचारिकाही तो वापरू शकते, कारण तिला स्वतःचं मत मांडायचं नसतं. यादीतली तिसरी ओळ वाचून दाखवायची असते.

या विभागात 1998 च्या पहिल्या तिमाहीत दर 1,000 कॅथेटर-दिवसांमागे 11.3 संसर्ग होते. 2002 च्या शेवटच्या तिमाहीत ते 0 होते.

मिशिगनमधला क्रम

एका नामांकित रुग्णालयाचा एक विभाग सुधारणं वेगळं आणि राज्यभरातले शंभरावर विभाग सुधारणं वेगळं. मिशिगनमध्ये कामाचा क्रम लक्ष देण्यासारखा होता. विभागांनी सुरुवात संसर्गाच्या यादीपासून केलीच नाही. आधी विभागस्तरीय सुरक्षा कार्यक्रम आणि रोजच्या उद्दिष्टांचा कागद. संसर्गाचं काम त्यानंतर.

सुरक्षा कार्यक्रमात सगळ्या कर्मचाऱ्यांना एक प्रश्न लेखी विचारला जाई : या विभागात पुढच्या रुग्णाला इजा कशी होईल असं तुम्हाला वाटतं, आणि ती टाळायला काय करता येईल? ‘कुणाची चूक’ हा विषयच नाही. येणाऱ्या उत्तरांतून एक दोष निवडायचा आणि त्याच्यावर चार प्रश्न चालवायचे. काय घडलं? का घडलं? पुन्हा घडू नये म्हणून काय केलं? आणि ते उपयोगी पडलं हे कशावरून? चौथा प्रश्न सगळ्यात जास्त टाळला जातो. परिपत्रक काढलं, सह्या घेतल्या, प्रशिक्षण दिलं की विषय संपला असं वाटतं. चौथा प्रश्न तो संपू देत नाही.

रोजच्या उद्दिष्टांचा कागद हॉपकिन्समध्येच आधी वापरून पाहिला होता. राउंड संपल्यावर त्या रुग्णाच्या परिचारिकेला आणि रेसिडेंटला विचारलं, आज या रुग्णासाठी काय साधायचं आहे? नेमकं सांगू शकणारे 10 टक्केही निघाले नाहीत. सगळे राउंडला हजर होते, सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. मग एका पानाचा कागद केला. रुग्णाला इथून हलवण्यासाठी आज काय करायला हवं, सगळ्यात मोठा धोका कोणता, कोणती नळी काढता येईल, वेदना कशी आहे, घरच्यांशी कोण बोलणार. राउंडमध्ये तो मोठ्याने वाचून भरायचा. उद्दिष्टं समजलेल्यांचं प्रमाण 95 टक्क्यांच्या वर गेलं आणि विभागातला सरासरी मुक्काम 2.2 दिवसांवरून 1.1 दिवसांवर आला.

प्रत्येक विभागाने निदान एक डॉक्टर आणि एक परिचारिका असे जोडीने प्रमुख नेमले. दोन आठवड्यांनी एकदा सगळ्यांचा फोनवर संवाद, वर्षातून दोनदा राज्यभरच्या टीमची प्रत्यक्ष बैठक. दरमहा संसर्गाची आणि कॅथेटर-दिवसांची आकडेवारी संसर्गनियंत्रण कर्मचाऱ्याकडून, म्हणजे विभागाबाहेरच्या माणसाकडून यायची. आपल्या शहरापलीकडच्या रुग्णालयाचा आकडा शून्य आहे आणि आपला तीन आहे हे बैठकीत दिसलं की ‘आमचे रुग्णच जास्त गंभीर’ ही सबब टिकत नाही. बरोबरीच्या माणसांची नजर वरिष्ठांच्या फर्मानापेक्षा जड पडते.

शिवाय प्रत्येक विभागाला रुग्णालयाचा एक वरिष्ठ प्रशासक जोडून दिला. त्याने महिन्यातून निदान एकदा विभागात यायचं आणि अडचणी ऐकायच्या. हे नुसतं शोभेचं नव्हतं. क्लोरहेक्सिडीन एक तृतीयांशाहून कमी विभागांत उपलब्ध होतं, आणि खरेदीचा निर्णय परिचारिकेच्या किंवा रेसिडेंटच्या हातात नसतो. प्रशासकांनी काही आठवड्यांत ते सगळीकडे पोचवलं. मोठे ड्रेप मिळत नाहीत ही तक्रारही त्यांच्याच कानावर आली. पुढे त्यांनी नळ्या बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीला किटमध्येच क्लोरहेक्सिडीन आणि पूर्ण ड्रेप घालायला लावलं. वरच्या माणसाने टीमसाठी सगळ्यात उपयोगाचं काय करावं, तर टीमला स्वतःच्या बळावर हलवता न येणारा धोंडा हलवावा.

कर्मचाऱ्यांची सुरक्षेबद्दलची भावना मोजणारी प्रश्नावलीही वापरली गेली. तिच्या हिशेबाने 2004 मध्ये 87 टक्के विभाग ‘सुधारणा हवी’ या गटात होते. 2006 मध्ये 47 टक्के. म्हणजे संसर्ग जवळजवळ नाहीसा झाल्यावरही निम्म्याच्या आसपास विभागांत वातावरण समाधानकारक नव्हतंच. आमच्या मते ही या प्रकरणातली सगळ्यात बोलकी आकडेवारी आहे. वातावरण सर्वांगाने बदलेपर्यंत कुणी थांबलं नाही. एका अरुंद कामापुरतं वागणं बदललं, त्याचा परिणाम दिसला, आणि बाकीचं सावकाश मागून आलं. काही ठिकाणी आलंही नाही.

इंग्लंडमध्ये काय झालं

इंग्लंडने 2009 ते 2011 मध्ये हाच कार्यक्रम दोनशेहून अधिक विभागांत राबवला. प्रौढांच्या विभागांतला दर 3.7 वरून 1.48 वर आला. आकडा छान, पण दर आधीपासूनच घसरत होते आणि कार्यक्रमात उशिरा आलेल्या विभागांतही घसरण तशीच होती. त्यामुळे श्रेय कार्यक्रमाला देता आलं नाही. 17 विभागांचं जवळून निरीक्षण करणाऱ्या अभ्यासकांना कार्यक्रमाने खरा कायापालट झालेला विभाग एकच दिसला.

याची कारणं मिशिगनशी ताडून पाहण्यासारखी आहेत. मिशिगनमध्ये उपक्रम रुग्णालयांच्या स्वतःच्या संघटनेचा होता; इंग्लंडमध्ये तो बऱ्याच जणांना सरकारी लक्ष्यांच्या मालिकेतला आणखी एक वाटला. संसर्ग कसा मोजायचा यात विभागागणिक फरक होते. रक्ताचे नमुने कुणी हात राखून पाठवायचं, कुणी सढळ हाताने. ज्याने कमी पाठवले त्याचा आकडा आपोआप चांगला. आणि ‘हे तर आम्ही करतोच’ असं म्हणणाऱ्या विभागात कागद भरला जातो, वागणं बदलत नाही.

आपल्याकडे दहा खाटांच्या विभागात

तालुक्याच्या गावातलं खासगी रुग्णालय असो की जिल्हा रुग्णालय, पाच ओळी त्याच राहतात. अडतं ते आजूबाजूला.

पहिली अडचण ट्रॉलीची. अनेक ठिकाणी सामान नातेवाइकांच्या हातात चिठ्ठी देऊन खालच्या मेडिकलमधून आणवलं जातं. नळीचा सेट येतो. पूर्ण ड्रेप आणि गाऊन चिठ्ठीत लिहायचे राहतात, किंवा ‘एवढं कशाला’ म्हणून गाळले जातात. चिठ्ठीऐवजी सीलबंद पूर्ण संच विभागात आधी ठेवावा, वापरला की एकरकमी बिलात लावावा. दोन संच कायम भरलेले, तिसरा राखीव. मोजणी रोज सकाळच्या पाळीत, सहीनिशी. क्लोरहेक्सिडीन 2 टक्के, 70 टक्के अल्कोहोलमधलं. ते 30 सेकंद घासून लावायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं. ओल्यावरच सुई घालणं ही नेहमीची चूक, कारण वाळतानाच ते काम करत असतं.

दुसरी अडचण माणसांची. नळी घालायला भूलतज्ज्ञ बाहेरून येतात, एका फोनवर, दुसऱ्या रुग्णालयातलं काम सोडून. सिस्टर त्यांना ‘सर, थांबा, ड्रेप राहिलाय’ म्हणणार का? तिने म्हणावं असं वाटत असेल तर रुग्णालयाच्या मालक डॉक्टरांनी प्रत्येक व्हिजिटिंग डॉक्टरशी आधी, समोरासमोर, सिस्टर हजर असताना बोलून ठेवायला हवं. नोटीस बोर्डावरच्या कागदाने हे होत नाही. पहिल्यांदा कुणी चिडून निघून गेलं आणि बोलणी सिस्टरने खाल्ली, तर ती यादी त्या दिवशीच संपली. पुढे सगळ्या खुणा प्रोसिजर झाल्यावर एका दमात होतील. शाई एकच, अक्षर एकच, वेळ एकच दिसली की समजावं.

रात्री एका सिस्टरकडे दोनाहून अधिक रुग्ण असतील तर तीच मदतनीस आणि तीच निरीक्षक होते, आणि निरीक्षण बुडतं. म्हणून जी नळी सकाळपर्यंत थांबू शकते ती रात्री घालू नये. जी थांबू शकत नाही आणि घाईत अर्धवट तयारीने घातली, तिच्यावर तशी नोंद करून 48 तासांच्या आत ती बदलावी.

तिसरी गोष्ट मोजणीची. रोज एका ठरलेल्या वेळी, समजा रात्री बाराला, नळी असलेल्या रुग्णांची संख्या लिहायची. महिन्याची बेरीज म्हणजे कॅथेटर-दिवस. रोज सरासरी सहा रुग्णांना नळी असेल तर महिन्याला 180. त्यात एक संसर्ग झाला की दर 5.6, नाही झाला की 0. एवढ्या उड्या मारणाऱ्या आकड्यावरून कुणाची पाठ थोपटू नये आणि कुणाला धारेवरही धरू नये. तिमाहीची बेरीज घ्यावी, आणि भिंतीवर ‘शेवटच्या संसर्गाला किती दिवस झाले’ एवढंच लिहावं. संशय आला तर रक्ताचा एक नमुना नळीतून आणि एक बाहेरच्या शिरेतून, दोन्ही प्रतिजैविक सुरू करण्याआधी. नुसत्या नळीतल्या नमुन्यावर गेलं तर नळीच्या तोंडावरचे जंतू संसर्ग म्हणून मोजले जातात.

आणि एक उणीव मूळ यादीचीच. तिचा भर नळी घालण्याच्या क्षणावर आहे. जिथे नळ्या आठवडा-दोन आठवडे राहतात तिथे जंतू बऱ्याचदा नंतर, औषध जोडण्याच्या तोंडावाटे शिरतात. अशा विभागात पहिले तीन महिने मूळ पाच ओळी, त्या बसल्या की मगच दुसरी छोटी यादी. दर वेळी जोडणीचं तोंड अल्कोहोलने घासून वाळू देणं, पारदर्शक पट्टी सात दिवसांनी आणि गॉजची दोन दिवसांनी बदलणं, ओली किंवा सुटलेली पट्टी त्याच पाळीत बदलणं. दोन्ही याद्या एकाच दिवशी सुरू करण्याचा मोह होतो, पण तो आवरावा. पहिल्या यादीवर सिस्टरने तीन-चारदा थांबवलेलं आणि डॉक्टर खरंच थांबलेले नोंदवहीत दिसत नाहीत, तोवर दुसरी काढू नये.